त्र्याऐंशी लाख ठिपक्यांची पंगत

मराठी माणूस टीव्ही घेताना इंच विचारतो, मोबाइल घेताना मेगापिक्सेल विचारतो आणि गेमिंगचा मॉनिटर घ्यायला गेला की ‘फोर-के आहे का?’ विचारतो. तिन्ही वेळा दुकानदार मनातल्या मनात देवाला हात जोडतो. गिऱ्हाईक एकाच आकड्याला धरून बसलं, की बाकीचे आकडे खपवायला रान मोकळं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं.) भिंतभर मॉनिटर आणि सगळ्यांवर त्याच त्या चित्रफिती. पोपट पंख पसरतोय, पाण्यात लाल मिरची पडतेय, थेंब उडतायत. गिऱ्हाईक पोपटाची पिसं मोजतं, खूश होतं आणि खिशात हात घालतं. हा पोपट रंगवला कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. तो कधीच शूट होऊन तयार आहे, पडद्याने फक्त दाखवायचा. गेममधला पोपट तुमच्या घरच्या ग्राफिक्स कार्डाला दर क्षणी नव्याने रंगवावा लागतो, पिसांसकट, सावलीसकट, आणि तो उडाला की मागच्या आभाळासकट. दुकानातला पोपट फुकटात उडतो. घरी नेल्यावर पोपट होतो तो गिऱ्हाइकाचा.

*

आधी हिशेब. १०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २०,७३,६००. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, एकूण ३६,८६,४००. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एकूण ८२,९४,४००. थोडक्यात, ४के हे १०८०पीच्या दुप्पट नाही, बरोब्बर चौपट आहे. हे खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं.

खोक्यावर जे छापतात त्याचीही कमाल आहे. १०८० आणि १४४० म्हणताना उभे ठिपके मोजले, ४के म्हणताना आडवे मोजले, तेही ३८४० होते त्यांचे चार हजार केले. १४४०पीच्या खोक्यावर ‘२के’ लिहितात, म्हणजे २५६०चे दोन हजार. एकीकडे १६० ठिपके पदरचे घातले, दुसरीकडे ५६० सोडून दिले. वजनमापे खात्याचं या गल्लीत काही चालत नाही.

ग्राफिक्स कार्ड हा पंगतीतला वाढपी समजा. एक ठिपका म्हणजे एक पान. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला ६० पंगती, आणि प्रत्येक पंगत १६.७ मिलिसेकंदांत उठली पाहिजे. १४४ फ्रेम हव्यात? मग एका पंगतीला ६.९ मिलिसेकंद. आग्रहाला वेळ नाही. यजमानाने पानं चौपट मांडली आणि वाढपी तोच ठेवला, तर मठ्ठा येईपर्यंत लोक हात धुऊन मोकळे होणार. पडद्यावर हेच घडलं की मुलं म्हणतात, ‘गेम अडकतोय’, आणि घरातले म्हणतात, ‘नेट स्लो असेल’.

आता एक गुणाकार करून बघा. ४केला ६० फ्रेम. १४४०पीला १३५ फ्रेम. १०८०पीला २४० फ्रेम. तिन्हींचं उत्तर एकच येतं: सेकंदाला ४९,७६,६४,००० ठिपके. पन्नास कोटींना जरा कमी. मजुरी तेवढीच आहे. ती चित्राच्या बारकाव्यावर उडवायची की हालचालीच्या वेगावर, एवढाच काय तो प्रश्न. (२४० फ्रेमसाठी प्रोसेसरलाही गेमचं गणित सेकंदाला २४० वेळा मांडावं लागतं. तो दमला तर कार्ड हात बांधून बसतं. म्हणून ही बरोबरी कागदावरची. पण ‘४के म्हणजे भारी आणि १०८०पी म्हणजे गरिबांचं’ हा समज मोडायला तेवढी पुरे.)

*

गरिबांचं म्हणालात म्हणून सांगतो. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मोठ्या स्पर्धांत लाखो डॉलरांची बक्षिसं असतात. तिथले कित्येक अव्वल खेळाडू कोणत्या रिझोल्यूशनवर खेळतात? १२८० गुणिले ९६०. तेही चार-तीनच्या जुन्या प्रमाणातलं चित्र रुंद पडद्यावर ताणून. फ्रान्सचा झायवू हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, त्याचं सेटिंग हेच. एकूण ठिपके १२,२८,८००. चित्र ताणलं की समोरचा शत्रू जरा रुंद दिसतो आणि फ्रेम धो-धो मिळतात, म्हणून. त्यांच्यापुढचे मॉनिटर साधारण २४ इंची आणि १०८०पीचे. बेनक्यू झोवीने २०२४ साली सेकंदाला ५४० वेळा चित्र बदलणारा मॉनिटर आणला, तोही १०८०पीच.

आपल्या सोसायटीतला वीर मात्र ‘व्हॅलोरंट’च्या खालच्या पायरीवर वर्षभर अडकलेला असतो आणि ४के घेतल्यावर डोकी नीट दिसतील, मग नेम लागेल, असं त्याचं म्हणणं असतं. बाळा, डोकी दिसतायत. ती तुझ्या आधी तुला बघतायत, हा खरा प्रश्न आहे. ‘व्हॅलोरंट’ मुद्दाम साध्या चित्रांचा ठेवलेला गेम आहे, जुन्या संगणकांवरही चालावा म्हणून. त्यातल्या सपाट भिंती ४केमध्ये बघणं म्हणजे निव्वळ हौस, आणि हौसेला मोल नसतं हे खरं असलं तरी मॉनिटरला असतं. वर १८ टक्के जीएसटी.

याच्या उलटा दुसरा प्रकार. हे गृहस्थ नोकरीवरून दमून येतात, जेवतात आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये घोड्यावर बसून डोंगरातला सूर्यास्त बघतात. गोळी झाडली तर झाडली. यांना कुणीतरी ३६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर गळ्यात मारलेला असतो, ‘गेमिंगचा आहे’ म्हणून. सूर्य काही सेकंदाला ३६० वेळा मावळत नाही. यांना ठिपके हवे होते, मिळाला वेग. त्यांच्याच यादीत ‘एल्डन रिंग’ असतो. तो गेम पीसीवर ६० फ्रेमच्या वर जातच नाही, निर्मात्यांनीच वेसण घातली आहे. उरलेले ३०० हर्ट्झ कपाटात ठेवा, लग्नाकार्याला काढा.

*

ज्यांना १०८०पीची लाज वाटते त्यांनी जरा मागे बघावं. दोन हजारच्या दशकात गल्लोगल्ली सायबर कॅफे होते. जाड काचेच्या, ढेरपोट्या मॉनिटरवर ८०० गुणिले ६००मध्ये काउंटर-स्ट्राइक चालायचं, म्हणजे चार लाख ऐंशी हजार ठिपके. २००३ साली पीसीवर आलेला ‘व्हाइस सिटी’ त्याच पडद्यांवर अख्ख्या पिढीने पालथा घातला. मग लॅपटॉप आले ते १३६६ गुणिले ७६८चे, जेमतेम साडेदहा लाख ठिपक्यांचे, आणि कित्येक वर्षं हटले नाहीत. त्यांवरच कॉलेजचे प्रोजेक्ट झाले आणि त्यांवरच हॉस्टेलच्या रात्री सरल्या. ‘पिक्सेल दिसतात’ अशी तक्रार तेव्हा कुणी केल्याचं ऐकलं नाही. मुळात वीज टिकली तरी पुष्कळ होतं.

त्या ढेरपोट्या पडद्याचा एक गुण आज विसरला गेला. त्याला स्वतःचं असं ठरावीक रिझोल्यूशन नव्हतं. ६४० द्या, ८०० द्या, १०२४ द्या, तो बिचारा निमूट दाखवायचा. आजच्या एलसीडीचे ठिपके कारखान्यात एकदा बसवले की कायमचे. ४केच्या पडद्यावर १४४०पीचं चित्र लावलं, तर एका ठिपक्याला दीड ठिपक्यात बसावं लागतं. अर्धा ठिपका कुठून आणणार? मग कडा पुसट होतात, अक्षरं फुगतात, आणि १४४०पीचा स्वस्त मॉनिटर घेतला असता तर याहून चांगलं दिसलं असतं अशी स्थिती येते. ‘४के घेऊन ठेवू, जड गेमला रिझोल्यूशन खाली आणू’ या चतुराईचा शेवट असा पुसट असतो.

*

अर्थात, यावर उपाय निघाला आहे. त्याचं नाव डीएलएसएस. हे एनव्हिडियाचं. एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस. गेमच्या सेटिंगमध्ये ‘क्वालिटी’, ‘परफॉर्मन्स’ अशी सभ्य नावं असतात. ४के पडद्यावर डीएलएसएसचं ‘क्वालिटी’ निवडलं की कार्ड प्रत्यक्षात २५६० गुणिले १४४० रंगवतं. ‘परफॉर्मन्स’ निवडलं की १९२० गुणिले १०८०. म्हणजे चार पानांपैकी एकावर खरं वाढायचं आणि उरलेल्या तीन पानांवर काय असेल याचा अंदाज बांधून तसं चित्र काढायचं.

पैसे ४केचे, जेवण १०८०पीचं.

अंदाज चांगला असतो हे कबूल करायला हवं. २०२० साली डीएलएसएसची दुसरी आवृत्ती आल्यापासून तर फारच चांगला. मागच्या फ्रेममधली माहिती वापरून तो असा बेमालूम ठिपके भरतो, की खेळताना फरक शोधत बसावं लागतं. हे तंत्र वाईट नाही, उलट ४के परवडू लागलं ते यामुळेच. पण मग मित्राच्या १०८०पी मॉनिटरकडे बघून नाक मुरडू नका. त्याचं कार्ड आणि तुमचं कार्ड रात्री साडेअकराला एकच काम करत असतं, फक्त तुमच्याकडे ते सांगायची लाज असते.

पुढची पायरी बनावट फ्रेमची. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग चकाकतं काळं जाकीट घालून मंचावर आले आणि ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे कार्ड आधीच्या सर्वांत महागड्या ४०९०च्या तोडीचं काम करेल, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्यामागची मेख अशी, की नव्या डीएलएसएस ४मध्ये कार्ड एक फ्रेम स्वतः रंगवतं आणि तीनपर्यंत फ्रेम मधे मनाने घालतं. आता ‘परफॉर्मन्स’ आणि हे एकत्र करा. रिझोल्यूशनमध्ये चारांतला एक ठिपका खरा, फ्रेममध्ये चारांतली एक खरी. सोळा आण्यांतला एक आणा खरा.

त्या मनाच्या फ्रेमना तुमच्या माउसची खबर नसते. फ्रेम मोजणाऱ्या काउंटरवर आकडा २४० दिसतो, पण बोट दाबल्यावर गेम ६० फ्रेमच्याच चालीने उत्तर देतो. सूर्यास्त बघणाऱ्या गृहस्थांचं यात काही बिघडत नाही. नेम धरणाऱ्या वीराचं बिघडतं, आणि तो पुन्हा मॉनिटरला दोष देतो.

मोठ्या वाढप्याचं काय, असं विचाराल. २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९०ची भारतातली सुरुवातीची जाहीर किंमत २,१४,००० रुपये. वीज ५७५ वॉट, म्हणजे दोन तास खेळलात की एकट्या कार्डाचं एका युनिटहून जास्त. खोली तापते म्हणून एसी, तो वेगळा. एवढं करून ‘सायबरपंक २०७७’ पाथ ट्रेसिंग हे प्रकाशकिरणांचं जड सेटिंग लावून, डीएलएसएसची काठी न घेता ४केला चालवलात, तर फ्रेम तिशीच्या आत. दोन लाखांच्या वाढप्यालाही त्र्याऐंशी लाख पानं झेपत नाहीत. मग आठ जीबी मेमरीच्या मधल्या कार्डावर ४के मॉनिटर लावणाऱ्यांना काय म्हणावं? त्यांच्यासाठीच मराठीत ‘ऋण काढून सण’ म्हणून ठेवलं आहे, आणि हल्ली त्याला ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात.

कंपन्यांना मात्र ४केही पुरत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये आरटीएक्स ३०९० आलं ते ‘८के गेमिंग’चा डंका पिटत. ८के म्हणजे ३,३१,७७,६०० ठिपके. त्यासाठी डीएलएसएसमध्ये ‘अल्ट्रा परफॉर्मन्स’ नावाची खास सोय केली. त्यात आत रंगवलं जातं ते १४४०पी, बाहेर दिसतं ८के. नवांतला एक ठिपका खरा. सोनीच्या प्लेस्टेशन ५च्या खोक्यावर ८केचा शिक्का होता, तो २०२४मध्ये गुपचूप गळला. नाव मोठं असलं की लक्षण खोक्याआडून बघावं लागतं.

*

परवा ओळखीच्या एका घरी ‘नवा मॉनिटर बघायला’ बोलावलं होतं. सत्तावीस इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झ. निवड अगदी चोख. मुलाने अभ्यास करून घेतलेला. तरी चेहरा पडलेला.

“काका, जुना बरा होता. हा जास्त अडकतो.”

आई दारातून म्हणाली, “मी म्हटलंच होतं, इतका महागाचा नको. आधी दहावी होऊ दे.”

मुलाने कॅबिनेट फिरवली. मागे धूळ, वायरींचा गुंता. वर माउस-कीबोर्डच्या वायरींशेजारी मदरबोर्डची उभी एचडीएमआय जागा, तिच्यात नवी केबल झोकात खोचलेली. खाली वीतभर अंतरावर ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या जागा, सगळ्या रिकाम्या, त्यांवर कंपनीची प्लॅस्टिकची टोपणंसुद्धा तशीच. तीस हजारांचं कार्ड आत पंखे फिरवत नुसतं बसलं होतं आणि पडदा प्रोसेसरच्या पोटातल्या इवल्याशा ग्राफिक्सवर चालला होता.

केबल खाली लावली. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडलं. रिफ्रेश रेट ६०. खालच्या यादीत १६५ वाट बघत होता. तो निवडला. मुलाने माउस डावीकडून उजवीकडे फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

आईने विचारलं, “किती पैसे लागले?”

“शून्य.”

“मग आधीच का नाही केलं?”

याला उत्तर नाही. ही अशी घरं थोडी नाहीत. १४४ हर्ट्झचे पैसे मोजून ६०वर जगणारे लोक आपल्यात सुखाने वावरतात, आणि समाजमाध्यमांवर ‘६०च्या वर फरक दिसत नाही’ असं छातीठोक लिहितात. त्यांना खरंच दिसत नाही. दाखवलाच नाही कुणी.

*

आता डोळ्याकडे येऊ, कारण शेवटी बघायचं त्यालाच आहे. निरोगी नजर एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखू शकते. आपल्याकडे गेमिंगचं टेबल म्हणजे बहुतेक वेळा ताईच्या बारावीचं टेबल. टेबलाची खोली दीड-दोन फूट, मागे भिंत, समोर की-बोर्डचा खण. डोळ्यापासून पडदा साठ सेंटिमीटरच्या आसपास. तिथे २४ इंची १०८०पी अंशाला सुमारे ३८ ठिपके देतो, २७ इंची १४४०पी सुमारे ४५, आणि २७ इंची ४के सुमारे ६७. म्हणजे ४केमध्ये डोळा हरतो. त्याच्या कुवतीपलीकडचे ठिपके तुम्ही विकत घेता, कार्ड घाम गाळून रंगवतं आणि दिसत कुणालाच नाहीत. फोटो आणि बारीक अक्षरांना ते शोभतात. धावत्या गेममध्ये कुणी पानावरची शीर बघत नाही.

याहून मोठा घोळ इंचांचा. ‘२४ कशाला, त्याच पैशात २७ देतो’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. तो २७ इंचीही १०८०पीच असतो. ठिपके तेवढेच, फक्त ताणलेले. २४ इंचात इंचाला ९२ ठिपके होते, ते ८२वर येतात, आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. ३२ इंची १४४०पीचंही तेच. इंचाला ९२, म्हणजे जुन्या २४ इंचीइतकीच बारीकी, फक्त मान जास्त वळवायची. मोठं ते चांगलं हा नियम हापूसलाही लागू पडत नाही, पडद्याला कुठून पडणार?

चाळिशी ओलांडलेल्या गेमरांची तर वेगळीच तऱ्हा. हे २७ इंची ४के आणतात, चष्मा कपाळावर चढवतात, अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग लावतात. चौपट ठिपके घ्यायचे आणि मग अक्षरं दीडपट फुगवायची. अक्षरं गुळगुळीत दिसतात हे खरं, पण टेबलावर जागा मिळते ती १४४०पीइतकीच.

*

आणि तो फ्यूचर-प्रूफवाला. प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपात एक असतोच. ‘आता १४४०पी घेशील आणि दोन वर्षांनी पस्तावशील, पुढचं बघ’ हा त्याचा मंत्र. मॉनिटर पाच-सात वर्षं टिकतो हे त्याचं खरं आहे. त्याला खाऊ घालणारं कार्ड तेवढं टिकत नाही, हे तो सांगत नाही. आरटीएक्स ३०८० हे २०२० साली ४केचं कार्ड म्हणून मिरवत आलं. त्याची मेमरी १० जीबी, आणि नंतर आलेले काही जड गेम ४केला तेवढ्यात मावेनासे झाले. गेम दरवर्षी जड होतात, मॉनिटरचे ठिपके तेवढेच राहतात, कार्ड म्हातारं होतं. म्हणजे आज ओढूनताणून ४के घेतलात, तर परिस्थिती दरवर्षी सुधारत नाही, बिघडते. पुढचं बघायचं तर नेमकं हे बघा.

या फ्यूचर-प्रूफ मंडळींना खिजवायला एलजीने २०२४मध्ये एक झकास मॉनिटर काढला. ३२ इंची, ओलेड, ४के आणि २४० हर्ट्झ, किंमत छाती दडपणारी. त्याला एक बटण आहे. ते दाबलं की हा राजेशाही पडदा १०८०पी होतो आणि ४८० हर्ट्झने पळतो. दुनियेतल्या महागड्या ४के पडद्यांपैकी एकाची मोठी जाहिरात काय, तर तो हवा तेव्हा १०८०पी होऊ शकतो!

गेम विकणारं स्टीम दर महिन्याला आपल्या खेळाडूंच्या संगणकांची पाहणी छापतं. त्यात गेली कित्येक वर्षं पहिला नंबर १९२० गुणिले १०८०चाच आहे, निम्म्याहून अधिक लोक तिथेच. १४४०पी दुसरा, साधारण पाचातला एक. ४केवाले शेकडा पाचच्या आसपास. जग मुकाट्याने खेळतंय. आवाज फक्त त्या पाचांचा आहे, आणि त्या पाचांतल्या किती जणांनी डीएलएसएस ‘परफॉर्मन्स’वर ठेवलंय हे ते पाहणीत सांगत नाहीत.

*

तेव्हा निकाल ऐका. नेमबाजीचे गेम खेळत असाल, कार्ड मधलं असेल, टेबल लहान असेल, तर २४ इंची १०८०पी, १४४ हर्ट्झ किंवा वर. लाजायचं कारण नाही. थोडं सगळं खेळत असाल आणि कार्डात १२ जीबीच्या आसपास मेमरी असेल, तर २७ इंची १४४०पी. बहुतेकांचं उत्तर हेच आहे, फक्त ते मिरवायला बरं नाही. कथेचे, निसर्गाचे, सावकाश गेम आवडत असतील, कार्ड खरंच तगडं असेल आणि टेबल खोल असेल, तर ३२ इंची ४के घ्या आणि डीएलएसएस उजळ माथ्याने लावा. २७ इंची १०८०पी कुणीही घेऊ नका, फुकट दिला तरी विचार करा.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: कोणता गेम, कोणतं कार्ड, डोळ्यापासून पडदा किती लांब. ‘शेजाऱ्याकडे कोणता आहे’ ही चौथी ओळ लिहून झाली असेल तर खोडा. दुकानदाराला पोपट बंद करायला सांगा आणि किती ठिपके मेलेले निघाले तर मॉनिटर बदलून मिळतो, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या.

आणि घरी आल्यावर केबल कार्डाला लावा.